फक्त हनोई : चार रात्री एकाच शहरात घालवाव्यात का?

शेवंती

नमस्कार. भाऊबीज आटोपली की गुरुवारी दुपारी व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत उतरायचे आणि सोमवारी रात्रीच्या विमानाने मुंबईला परतायचे, असे मी, धाकटी बहीण आणि आई अशा तिघींनी ठरवले आहे. आई अडुसष्ट वर्षांची आहे. चालण्याची तिला सवय आहे, पण गुडघे कुरकुरतात, आणि ती शुद्ध शाकाहारी आहे. मी अंड्यापर्यंत जाते. बहिणीला काहीही वर्ज्य नाही.

ज्या ज्या सहल कंपनीकडे चौकशी केली, त्या प्रत्येकीने हनोईला जेमतेम एक दिवस देऊन उरलेले दिवस हालाँगचा उपसागर, निन्ह बिन्ह आणि डोंगरातले सापा यांत वाटून टाकले. आम्हाला रोज सकाळी बॅगा भरायच्या नाहीत. एका हॉटेलात सामान टाकून तेच शहर नीट पाहावे, संध्याकाळी पाय दुखले की खोलीवर परत यावे, अशी आमची कल्पना आहे. चार रात्री केवळ हनोईला देणे योग्य ठरेल का, की इतक्या लांब जाऊन हालाँग न पाहणे हा करंटेपणा होईल? राहण्याचा भाग, शाकाहार आणि तिथला रस्ता ओलांडण्याचा प्रकार यांविषयीही अनुभवी सभासदांनी कृपया लिहावे.

दूरदेशी

हालाँग न पाहता परतलात तर नातेवाइकांना फोटो कसले दाखवणार, एवढीच काय ती अडचण आहे. हनोई चार दिवसांत संपत नाही.

पेठकर

मी विरुद्ध बाजूने लिहितो. हालाँग 1994 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि समुद्रातून वर आलेले चुनखडीचे ते शेकडो सुळके आपल्याकडे कुठेही पाहायला मिळत नाहीत. आता द्रुतगती मार्ग झाल्यामुळे हनोईहून अडीच तासांत धक्क्यावर पोहोचता येते. चारपैकी एक रात्र बोटीवर काढली, तर आईंना चालावेही लागणार नाही. डेकवर खुर्ची टाकून बसले की झाले. जुनी घरे, देवळे, बाजार आणि गर्दी यांसाठी विमानाचे तिकीट काढण्याची गरज मला तरी समजत नाही. ते सगळे आमच्या पेठेत आहे.

गोदाकाठ

पेठकरांचे म्हणणे निसर्गापुरते मान्य आहे, परंतु शेवंतीताईंचा प्रश्न शहराचा आहे. नोकरीच्या निमित्ताने मी हनोईत राहिलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हे शहर राजधानी म्हणून 1010 मध्ये वसले, तेव्हा त्याचे नाव थांग लाँग असे होते. होआन कीएम तळ्याच्या उत्तरेला जुना भाग आहे. तिथल्या गल्ल्या एकेका मालाच्या नावाने ओळखल्या जातात आणि काहींनी आपला धंदा अजून सोडलेला नाही. हांग मा गल्लीत पूर्वजांसाठी जाळायच्या कागदी वस्तू मिळतात, त्यांत कागदी मोबाइल आणि कागदी मोटारीसुद्धा असतात. लान ओंग गल्लीत शिरताच सुकवलेल्या मुळ्या आणि सालींचा वास येतो, कारण तिथे देशी औषधांची दुकाने आहेत. हांग थिएक गल्लीत पत्र्यावर हातोडे चालू असतात. घरे दर्शनी बाजूला अगदी अरुंद आणि आत लांबच लांब गेलेली आहेत.

पण जे खरोखर पाहायचे ते पहाटे. साडेपाचच्या सुमारास तळ्याकाठी जा. आजीबाईंचे गट ध्वनिवर्धकावर गाणी लावून व्यायाम करत असतात, एखादी जोडपी नाचत असतात आणि पदपथावर न्याहारीची चुली-भांडी मांडली जात असतात. तुमच्या आईंच्या वयाच्या बायका तिथे मोठ्या संख्येने दिसतील. त्या वेळी रस्तेही मोकळे असतात. सहल कंपनीची बस आठ वाजता हालाँगकडे निघते, तेव्हा हे सगळे आवरलेले असते.

एका दिवसात हालाँगला जाऊन येणे म्हणजे पाच-सहा तास बसमध्ये आणि तीन-चार तास बोटीत. ते करूच नये. जायचेच असेल तर मुक्कामी जावे, आणि मुक्कामी गेले की हनोईचे दोन दिवस त्यात जातात.

टपरीवाला

हवामानाचेही एक कलम जोडतो. वादळी हवा असली की प्रशासन हालाँगच्या बोटी बंद करते आणि त्यावर कोणाचे काही चालत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये यागी चक्रीवादळाने त्या किनाऱ्याची दैना केली होती. नोव्हेंबरमध्ये हा धोका पुष्कळच कमी असतो, त्यामुळे पेठकरांनी लगेच माझ्यावर धावून येऊ नये.

पेठकर

धावून येत नाही. गुडघे माझेही कुरकुरतात.

मोडीवाचक

नोव्हेंबरची निवड उत्तम आहे. पाऊस ओसरलेला असतो, उकाडा संपलेला असतो आणि संध्याकाळी पातळ स्वेटर पुरतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात हनोईत चक्क थंडी पडते, आकाश राखाडी असते, आणि हवेचे प्रदूषणही वाढते. त्यानंतर बारीक भुरभुर सुरू होते. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यात त्यांचे नववर्ष, म्हणजे तेत, येते. त्या दिवसांत निम्मे शहर गावी गेलेले असते आणि दुकाने बंद असतात. तेव्हा तर अजिबात जाऊ नये.

तुमच्या तारखांचा आणखी एक फायदा असा, की शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत होआन कीएम तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांसाठी बंद असतात. जुन्या भागात त्याच तीन संध्याकाळी रात्रबाजारही भरतो. बाजारातल्या वस्तू सामान्य असतात, परंतु तळ्याभोवती मुले-म्हातारी सगळी बाहेर पडलेली पाहणे आनंदाचे आहे.

रानजाई

आईंच्या शाकाहाराबद्दल मी लिहिते, कारण माझ्या सासूबाई कांदा-लसूणही न खाणाऱ्या आहेत आणि त्या हनोईत उपाशी राहिल्या नाहीत.

शाकाहाराला तिथे 'आन चाय' म्हणतात. ज्या उपाहारगृहाच्या पाटीवर 'चाय' हा शब्द असतो, तिथे बौद्ध परंपरेचे पूर्ण शाकाहारी जेवण मिळते. पुष्कळ लोक चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला मांसाहार करत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी अशी ठिकाणे भरलेली असतात. तिथल्या ताटात मांसासारखे दिसणारे सोयाबीनचे आणि मश्रूमचे पदार्थ येतात. ते पाहून सासूबाई आधी दचकल्या होत्या, म्हणून आईंना आधीच कल्पना देऊन ठेवावी.

इतर ठिकाणी मात्र केवळ 'मांस नको' म्हणून भागत नाही. भाजीत मासळीपासून केलेला नुओक माम घालणे त्यांना मिठाइतके स्वाभाविक वाटते, आणि 'भाज्यांचा फो' (फो म्हणजे रश्शातल्या तांदळाच्या शेवया) हाडांच्या रश्शात येऊ शकतो. फोनमध्ये व्हिएतनामी भाषेत चार ओळी लिहून ठेवा : मांस नाही, मासे नाहीत, मासळीचे पाणी नाही, हाडांचा रस्सा नाही. गोमांस टाळणाऱ्यांसाठी : पाटीवर 'फो बो' असेल तर ते गोमांसाचे, 'फो गा' असेल तर कोंबडीचे.

आता एक खास गोष्ट. सकाळी पदपथावर एखादी बाई टोपली घेऊन बसलेली असते. तिच्याकडे 'सोय सेओ' नावाचा हळद घातलेला चिकट भात असतो. शिजवलेल्या मुगाच्या डाळीचा घट्ट दाबलेला गोळा ती एका हातात धरते आणि दुसऱ्या हातातल्या सुरीने त्याचे पातळ पापुद्रे भातावर तासत जाते, इतक्या झपाट्याने की सुरी दिसतही नाही. वरून कुरकुरीत तळलेला कांदा पडतो आणि केळीच्या पानात पुडी बांधली जाते. हळद, मूग, भात आणि तळलेला कांदा म्हटल्यावर आपल्याला परके काहीच वाटत नाही, पण शेवटी ती चमचाभर चरबी सोडते. तो चमचा उचलला जाण्याआधी हात आडवा करावा लागतो.

गोदाकाठ

रानजाईताईंनी नेमके लिहिले. त्यात भर म्हणून, शरद ऋतूत 'कोम' मिळतो. कोवळा चिकट तांदूळ भाजून, कांडून केलेला तो हिरवा, मऊ प्रकार आपल्या पातळ पोह्यांचा चुलतभाऊ म्हणता येईल. कमळाच्या पानात गुंडाळून विकतात. तुम्ही जाल तेव्हा हंगाम सरत आलेला असेल, पण दिसला तर सोडू नये. तो तसाच, चिमूट-चिमूट खायचा असतो.

सांजवात

अंडे खाणाऱ्या शेवंतीताईंनी अंड्याची कॉफी अवश्य घ्यावी. 1946 मध्ये दुधाची टंचाई असताना मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुएन वान ज्यांग यांनी पिवळा बलक घोटून दुधाच्या जागी वापरला, आणि त्यांचे कुटुंब अजूनही ती कॉफी देते. कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवून आणतात. आईंसाठी नारळाच्या दुधाची थंड कॉफी मागवावी.

एक सूचना गुडघ्यांसाठी. पदपथावरच्या उपाहारगृहांत निळ्या-लाल प्लास्टिकची स्टुले असतात, आणि ती आपल्या पाटापेक्षा फार उंच नसतात. बसणे जमते, उठताना मात्र दोन्ही मुलींना आईचा एकेक हात धरावा लागेल. कॉफीच्या दुकानांत वरच्या मजल्यावर बऱ्या खुर्च्या असतात, पण तिथे जाणारा जिना उभा आणि अरुंद असतो. म्हणजे गुडघ्यांनी काय ते ठरवावे.

टपरीवाला

बहिणीला बुन चा खाऊ द्या. निखाऱ्यावर भाजलेले डुकराचे मांस, आंबटगोड पाणी, शेवया आणि टोपलीभर पालेभाजी असे ते ताट असते. मे 2016 मध्ये बराक ओबामा ज्या टेबलाशी बसून ते जेवले, ते टेबल दुकानदाराने काचेच्या पेटीत बंद करून ठेवले आहे. आपल्याकडे मंत्री येऊन गेले की फक्त फोटो लावतात; टेबल कामातून काढण्याइतका त्याग कोणी करत नाही.

उन्हाळी

रस्ता ओलांडण्याबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. दुचाक्यांचा तो लोंढा थांबण्याची वाट पाहाल तर विमान चुकेल. हळू, एकाच गतीने, सरळ चालत राहायचे. दुचाकीस्वार तुमच्या गतीचा अंदाज घेऊन तुम्हाला वळसा घालतात. मध्येच थबकलात, धावलात किंवा मागे वळलात की तो अंदाज चुकतो आणि अपघात होतो. मोटारी आणि बस मात्र वळसा घालत नाहीत, त्यांना जाऊ द्यावे. दुसरे म्हणजे तिथे वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे पाऊल टाकण्यापूर्वी आधी डावीकडे पाहायचे. ही सवय मोडायला आपल्याला वेळ लागतो.

पेठकर

दुचाक्यांमधून रस्ता ओलांडणे पुण्याच्या माणसाला शिकवण्याचे धाडस केल्याबद्दल उन्हाळी यांचे अभिनंदन.

उन्हाळी

पुण्यात दुचाकीस्वार तुम्हाला वळसा घालत नाही, आधी तुमची चूक समजावून सांगतो. फरक तेवढाच आहे.

मोडीवाचक

इतिहासाची आवड असेल तर तीन-चार ठिकाणे आवर्जून पाहावीत. पहिले साहित्य मंदिर, म्हणजे वान मिएव. 1070 मध्ये ते कन्फ्यूशियसच्या नावाने बांधले गेले आणि सहाच वर्षांनी तिथे राजघराण्यातील मुलांसाठी विद्यापीठ निघाले. आवारात दगडी कासवांच्या पाठीवर 82 शिळा उभ्या आहेत. 1442 ते 1779 या काळात राजदरबाराची सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नावे त्यांवर कोरलेली आहेत. परीक्षेपूर्वी विद्यार्थी कासवांच्या डोक्यांवरून हात फिरवत असत. ती गुळगुळीत झाल्यामुळे आता कठडा घातला आहे. परीक्षा आणि नवस यांचे नाते सगळीकडे सारखेच दिसते.

दुसरे, पश्चिम तळ्यातल्या बेटावरचे त्रान कुओक मंदिर. शहरातले हे सर्वांत जुने बौद्ध मंदिर मानले जाते. तिथला बोधिवृक्ष राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी 1959 च्या भेटीत दिलेल्या रोपाचा आहे. आईंना ही जागा आवडेल, शिवाय बसायला कट्टे आहेत.

तिसरा लाँग बिएनचा लोखंडी पूल. फ्रेंचांनी तो 1899 ते 1902 या काळात लाल नदीवर बांधला, आणि अमेरिकी विमानांनी 1967 आणि 1972 मध्ये त्यावर बाँब टाकले. मधून रेल्वे, दोन्ही बाजूंनी दुचाक्या आणि कडेला पादचारी अशी त्याची रचना आहे. मोटारींना मनाई आहे. गंमत म्हणजे या एका पुलावर वाहने डावीकडून चालतात. पायाखालच्या फरशांच्या फटींतून नदी दिसते, त्यामुळे आईंना शंभरेक पावलांवरून परत फिरवावे.

दूरदेशी

होआ लो तुरुंग राहिला.

मोडीवाचक

जाणूनबुजून गाळला होता. फ्रेंचांनी 1896 मध्ये बांधलेल्या त्या तुरुंगात व्हिएतनामी क्रांतिकारकांना साखळदंडात ठेवत, आणि पुढे अमेरिकी वैमानिक तिथे कैदी होते. आत गिलोटिनही ठेवलेले आहे. आईंना झेपेल असे वाटले नाही.

रानजाई

मी असहमत आहे. ज्या पिढीने अंदमानच्या कोठड्यांविषयी शाळेत वाचले आहे, तिला हा तुरुंग लवकर कळतो. सासूबाई तिथे सर्वांत जास्त वेळ थांबल्या. दुपारी खरेदी सोडून त्यांनी पुन्हा त्याविषयीच बोलायला घेतले. आपल्या आयांना काय झेपेल हे आपण परस्पर ठरवू नये, त्यांना विचारावे. मला खटकले ते वेगळेच : फ्रेंच काळाचे दालन अंगावर येते, आणि अमेरिकी कैद्यांच्या दालनात मात्र सगळे हसत-खेळत नाताळ साजरा करताना दिसतात. विजेत्यांनी लिहिलेला इतिहास कसा दिसतो ते पाहण्यासाठीसुद्धा तिथे जावे.

सांजवात

पाण्यावरच्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळही विसरू नका. तळ्याजवळच्या थांग लाँग नाट्यगृहात पाऊण-एक तासाचा प्रयोग असतो. लाल नदीच्या खोऱ्यातल्या भातखाचरांमध्ये ही कला जन्मली. कलावंत बांबूच्या पडद्याआड कमरेइतक्या पाण्यात उभे राहून लांब दांड्यांनी बाहुल्या हलवतात, आणि दांड्या पाण्याखाली असल्यामुळे आपल्याला दिसत नाहीत. भाषा कळत नाही, त्याने काही बिघडत नाही. शनिवार-रविवारची तिकिटे आदल्या दिवशीच काढावीत.

टपरीवाला

रेल्वेगल्लीविषयी विचारणार असाल तर : घरांच्या दारातून जाणारी ती गाडी पाहायला इतकी गर्दी होऊ लागली, की प्रशासनाने 2019 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये तिथली कॉफीची दुकाने बंद करवली. तरीही ती कुठल्या ना कुठल्या रूपात चालू असतात. पोलिसांचे कठडे असतील तर हुज्जत न घालता परत फिरावे. माझ्या मते, चुकली तरी हळहळ वाटू नये.

गोदाकाठ

राहण्याविषयी. जुन्या भागातच राहावे, परंतु खोली ठरवताना दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : खोलीला खरी खिडकी आहे का, आणि उद्वाहन आहे का. मघाशी म्हटलेल्या अरुंद घरांचीच हॉटेले झाल्यामुळे मधल्या खोल्यांना खिडकी नसते किंवा ती जिन्यात उघडते. रात्रबाजाराच्या रस्त्यापासून एक-दोन गल्ल्या आत गेलात की झोप लागते. पदपथ दुचाक्या लावण्यासाठीच असतात, चालणे रस्त्याच्या कडेनेच होते, तेव्हा आईंना मध्ये ठेवून एकामागे एक चालावे.

नोई बाय विमानतळाहून 86 क्रमांकाची नारिंगी बस थेट जुन्या भागात येते. सामान आणि आई दोन्ही असतील तर ॲपवरून टॅक्सी मागवावी. आगमनकक्षात 'टॅक्सी, टॅक्सी' करत मागे लागणाऱ्यांना नम्रपणे नकार द्यावा. आमच्या एका पाहुण्यांकडून अशाच एका गृहस्थाने तिप्पट पैसे उकळले होते.

नोटांकडे लक्ष द्या. साधारण तीनशे डोंग म्हणजे एक रुपया, त्यामुळे आकडे लाखांत जातात. वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळसर आहेत आणि दोन्हींवर हो ची मिन्ह आहेत. संध्याकाळच्या उजेडात शून्ये मोजल्याशिवाय नोट हातातून सोडू नये.

उन्हाळी

ई-व्हिसा शासकीय संकेतस्थळावरूनच काढावा. एका प्रवेशाच्या व्हिसाला 25 डॉलर शुल्क आहे. हुबेहूब शासकीय वाटणारी खासगी संकेतस्थळे त्याच कामाचे दुप्पट-तिप्पट घेतात. नाव पारपत्रावर जसे आहे तसेच, त्याच क्रमाने भरावे.

शेवंती

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा आईला वाचून दाखवला. तिने होआ लो तुरुंग पाहायचाच असे सांगितले आहे, आणि मुगाचा गोळा तासणारी बाई सापडेपर्यंत रोज पहाटे उठवण्याची धमकी दिली आहे.

आराखडा असा केला आहे. गुरुवारी संध्याकाळी तळे आणि विश्रांती. शुक्रवारी सकाळी हो ची मिन्ह यांची समाधी, नंतर साहित्य मंदिर, रात्री बाजार. शनिवारी होआ लो, जुन्या गल्ल्या, बाहुल्या. रविवारी त्रान कुओक आणि पूल. सोमवारी वांशिक संग्रहालय आणि रात्री विमानतळ. यात काही चुकत असेल तर सांगावे. पेठकरकाका, हालाँग या वेळी नाही.

मोडीवाचक

दोन ठिकाणी अदलाबदल करावी लागेल. समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, आणि इतर दिवशीही फक्त सकाळीच, साडेदहा-अकरापर्यंत उघडी असते. ती रविवारी सकाळी लवकर करा. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. समोरच्या बा दिन्ह चौकातच 2 सप्टेंबर 1945 रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली होती. तिथून त्रान कुओक टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. वांशिक संग्रहालयही सोमवारी बंद असते, तेव्हा ते शुक्रवारी सकाळी घ्या आणि परतताना साहित्य मंदिर करा. सोमवारसाठी होआ लो आणि त्याच्या जवळचे महिला संग्रहालय ठेवता येईल.

पेठकर

शेवंतीताई, मी काका नाही, चाळिशीतला आहे. बाकी आराखडा चांगला आहे. पण निन्ह बिन्ह शंभर किलोमीटरच्या आत आहे आणि तिथे होड्या वल्हवत नेतात, आईंना नुसते बसायचे असते. शनिवारचा विचार करून पाहा.

शेवंती

दादा म्हणते. शनिवार गल्ल्यांचाच राहील.

गोदाकाठ

सोमवारी दुपारी खोली सोडल्यावर बॅगा हॉटेलच्या स्वागतकक्षातच ठेवून द्या, बहुतेक हॉटेले त्याचे पैसे घेत नाहीत. आणि विमानतळाकडे पाचच्या आधी निघा. त्यानंतर सगळी कार्यालये सुटतात आणि उन्हाळी यांनी वर्णन केलेल्या लोंढ्यात तुमची टॅक्सी उभी राहील.